उजव्या हृदयाचा विसरलेला इतिहास: हृदयपंप, भाकीत आणि भूतकाळाची दप्तरे (दीर्घ धागा)

१/
फेब्रुवारी १९६८. मुंबईतील परळचे केईएम रुग्णालय. डॉ. प्रफुल्लकुमार सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका रुग्णाच्या छातीत दुसऱ्या माणसाचे हृदय बसवले. भारतातील व आशियातील हे पहिले आणि जगातील सहावे मानवी हृदयप्रत्यारोपण होते. असे धाडस करणारे सेन हे जगातील चौथे शल्यचिकित्सक. रुग्ण सुमारे तीन तास जगला.

२/
सेन यांचा जन्म १९१५ सालचा, कलकत्त्याचा. पण ते वाढले नागपुरात. त्या काळी नागपूर ही मध्य प्रांत व वऱ्हाडाची राजधानी होती. आज प्रतापनगर, खामला, त्रिमूर्तीनगर या भागांतून शाळा-महाविद्यालयांत जाणाऱ्या किती तरुणांना ठाऊक असेल, की भारतातील हृदयप्रत्यारोपणाच्या इतिहासाचे पहिले पान लिहिणारा माणूस आपल्याच शहरात लहानाचा मोठा झाला?

३/
प्रस्तुत धागा मात्र केवळ सेन यांच्याविषयी नाही. हृदयाच्या ज्या बाजूकडे वैद्यकाने शतकानुशतके दुर्लक्ष केले, त्या उजव्या बाजूचा हा इतिहास आहे. आज निकामी हृदयाला आधार म्हणून डाव्या बाजूस यांत्रिक पंप बसवतात. असा पंप बसवल्यावर काही रुग्णांची उजवी बाजू अचानक कोसळते. कोणाची कोसळेल, हे आधी सांगता येते का? या एका प्रश्नाने गेली काही दशके हृदयशल्यचिकित्सकांची झोप उडवली आहे. आणि त्याचे उत्तर शोधण्याची रीत इतिहासकाराच्या रीतीशी फार मिळतीजुळती आहे.

४/
आधी थोडी शरीररचना. हृदय एक दिसत असले तरी ते वस्तुतः दोन पंप आहेत, एकापुढे एक जोडलेले. उजवा पंप शरीरातून परतलेले अशुद्ध रक्त फुप्फुसांकडे ढकलतो. डावा पंप फुप्फुसांतून आलेले शुद्ध रक्त महारोहिणीत, म्हणजे सर्व शरीरात, ढकलतो. विश्रांतीच्या अवस्थेत प्रौढ माणसाचे दोन्ही पंप मिनिटाला प्रत्येकी सुमारे ५ लिटर रक्त पुढे नेतात. काम सारखे, परंतु दाब वेगळा: डाव्याला सुमारे १२० पर्यंत दाब निर्माण करावा लागतो, उजव्याला सुमारे २५ पुरतो. म्हणूनच डाव्या निलयाची भिंत जाड व बळकट, तर उजव्या निलयाची भिंत तिच्या साधारण एक-तृतीयांश जाडीची.

५/
उदाहरण घरातलेच घेऊ. नळाचे पाणी आधी जमिनीखालच्या टाकीत पडते. तेथून मोटार ते गच्चीवरच्या टाकीत चढवते. मोटार कितीही ताकदीची बसवली, तरी खालच्या टाकीत जेवढे पाणी येईल तेवढेच वर जाईल. नळाची धार बारीक असेल, तर मोटार टाकी कोरडी करील आणि हवा ओढू लागेल. हृदयात उजवी बाजू म्हणजे खालची टाकी भरणारा नळ. डाव्या बाजूचा यांत्रिक पंप म्हणजे ती ताकदवान मोटार. सगळ्या धाग्याचे मर्म या एका चित्रात आहे.

६/
आता इतिहासाकडे. प्राचीन रोमन जगातील वैद्य गॅलेन याची समजूत अशी, की रक्त हृदयाच्या मधल्या पडद्यातील अदृश्य छिद्रांतून उजवीकडून डावीकडे झिरपते. ही समजूत हजार वर्षांहून अधिक काळ टिकली. तेराव्या शतकात इब्न अल-नफीस या अरब वैद्याने ती नाकारली: पडदा सलग आहे, रक्ताला फुप्फुसांतूनच वळसा घालावा लागतो. १६२८ साली विल्यम हार्वे याने रक्ताभिसरणाचा पूर्ण सिद्धान्त मांडला. उजव्या बाजूला तिचे काम मिळाले. तथापि प्रतिष्ठा मिळाली नाही.

७/
उलट, विसाव्या शतकात तिच्या अवमूल्यनाला प्रयोगाचा आधार लाभला. १९४३ साली आयझॅक स्टार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या हृदयाची उजवी भिंत जाळून जवळजवळ निकामी केली. अपेक्षा अशी, की मागे रक्त तुंबेल आणि नीलांतील दाब चढेल. तसे लक्षणीय काही घडले नाही! यावरून पुष्कळांनी निष्कर्ष काढला, की उजवे निलय ही केवळ एक नळी आहे. ती आकुंचन पावली काय, न पावली काय, फारसा फरक पडत नाही.

८/
१९६८ साली फ्रान्समधील बोर्दो येथे फ्राँसिस फाँतां यांनी या विचाराला जणू शिक्कामोर्तब करणारी शस्त्रक्रिया केली. जन्मतः हृदयाची एक झडप नसलेल्या रुग्णात त्यांनी उजव्या निलयाला वगळून रक्त थेट फुप्फुसांकडे वळवले. १९७१ साली ते काम प्रसिद्ध झाले. उजव्या निलयाशिवाय माणूस जगू शकतो, हे दिसले.

९/
येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबावे. स्टार यांचे प्रयोग खोटे नव्हते, फाँतां यांचे यशही खरे होते. चूक होती ती निष्कर्ष ताणण्यात. स्टार यांच्या कुत्र्यांची फुप्फुसे निरोगी होती. फाँतां यांची शस्त्रक्रियाही फुप्फुसांतील विरोध कमी असेल तरच साधते. विरोध कमी असताना उजवीचे काम सोपे असते, म्हणून तिची उणीव जाणवत नाही. विरोध वाढला, की तीच बाजू जीवन-मरणाचा प्रश्न होते. साधन ज्या परिस्थितीतून आले, ती परिस्थिती विसरून त्यावरून सार्वत्रिक सत्य काढणे हा इतिहासलेखनातलाही जुना दोष आहे.

१०/
हा विरोध वाढतो कसा? डावे हृदय वर्षानुवर्षे दुबळे राहिले, की रक्त मागे फुप्फुसांत तुंबते. फुप्फुसांतील वाहिन्या त्या दाबाशी झुंजत हळूहळू जाड व कडक होतात. रुग्णाचे स्वतःचे उजवे निलय या वाढत्या दाबाशी थोडेफार जुळवून घेते. दुसऱ्याचे हृदय मात्र निरोगी फुप्फुसांच्या कमी दाबाला सरावलेले असते. ते अशा छातीत बसवले, तर त्याच्या पातळ उजव्या भिंतीसमोर अचानक डोंगर उभा राहतो. प्रत्यारोपणाच्या पहिल्या पर्वाने जगभरच्या शल्यचिकित्सकांना हा धडा महागात शिकवला. पुढे प्रत्यारोपणाच्या यादीत नाव घेण्यापूर्वी फुप्फुसांतील विरोध मोजणे हा दंडक झाला.

११/
तो मोजण्याचे साधन कोठून आले, हीही एक रंजक कथा आहे. १९२९ साली जर्मनीत वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने स्वतःच्याच दंडाच्या नीलेतून बारीक नळी हृदयाच्या उजव्या बाजूपर्यंत सरकवली आणि तशा अवस्थेत क्ष-किरण छायाचित्र काढवले. पुढे आंद्रे कूर्नां व डिकिन्सन रिचर्ड्स यांनी हे तंत्र रुग्णांसाठी विकसित केले. तिघांना १९५६ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९७० साली स्वॅन आणि गँझ यांनी टोकाला फुगा असलेली नळी आणली. रुग्णाच्या खाटेशेजारीच उजव्या हृदयातील व फुप्फुस रोहिणीतील दाब मोजता येऊ लागला. भाकिताला आकडे मिळाले ते येथून.

१२/
पुन्हा केईएमकडे वळू. सेन यांनी एका रात्रीत उडी घेतली नव्हती. १९६५ सालीच त्यांच्या चमूने कुत्र्यांवरील १०० हृदयप्रत्यारोपणांचा प्राथमिक अहवाल प्रसिद्ध केला होता. डॉ. जी. बी. परुळकर, डॉ. शरद पांडे यांच्यासारखे सहकारी त्या महापालिकेच्या रुग्णालयात त्यांच्यासोबत उभे होते. मेंदू मृत झाला म्हणजे माणूस मृत झाला, असे मानणारा कायदा तेव्हा देशात नव्हता. १९६८ मध्येच सेन यांनी दुसरा प्रयत्न केला. तोही रुग्ण काही तासांपलीकडे जगला नाही. १९६९ साली सेन यांना पद्मभूषण मिळाले, पण प्रत्यारोपण थांबले.

१३/
थांबले ते केवळ मुंबईत नव्हे. १९६८ या एका वर्षात जगभर शंभराहून अधिक हृदये बसवली गेली. बहुतेक रुग्ण फार काळ जगले नाहीत, आणि एकेक केंद्र माघार घेत गेले. भारतात मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ साली झाला. आरंभी तो ज्या मोजक्या राज्यांत लागू झाला त्यांत महाराष्ट्र व गोवा होते. ३ ऑगस्ट १९९४ रोजी दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातील पहिले यशस्वी हृदयप्रत्यारोपण केले. मुंबईला मात्र ऑगस्ट २०१५ ची वाट पाहावी लागली. पुण्याहून विमानाने आणलेले हृदय डॉ. अन्वय मुळे यांच्या चमूने मुलुंड येथे एका तरुणाला बसवले. सेन यांच्यानंतर ४७ वर्षांनी!

१४/
परंतु दात्याचे हृदय सर्वांना मिळत नाही, आणि मिळेपर्यंत सर्व रुग्ण तग धरत नाहीत. म्हणून यांत्रिक पंपाची कल्पना पुढे आली. १९६६ साली ह्यूस्टन येथे मायकेल डीबेकी यांनी झडपांच्या शस्त्रक्रियेनंतर हृदय न सावरलेल्या एका स्त्रीला डाव्या बाजूच्या पंपाचा आधार दिला. दहा दिवसांनी पंप काढला. ती बरी होऊन घरी गेली. डाव्या निलयाला साहाय्य करणाऱ्या या यंत्रास इंग्रजी आद्याक्षरांवरून 'एलव्हॅड' म्हणतात.

१५/
२००१ साली 'रीमॅच' या अमेरिकी चाचणीचे निष्कर्ष आले. प्रत्यारोपणास अपात्र ठरलेल्या १२९ रुग्णांपैकी काहींना पंप, काहींना केवळ औषधे. एका वर्षानंतर पंपाच्या गटातील ५२ टक्के जिवंत होते, औषधांच्या गटातील २५ टक्के. ते पंप हृदयासारखे धडधडत. पुढच्या पिढीचे पंप सतत फिरणाऱ्या चक्राने रक्त अखंड पुढे ढकलतात. अशा अनेक रुग्णांच्या मनगटाला नाडी लागत नाही. त्यातील 'हार्टमेट २' ला अमेरिकेत २००८ साली मान्यता मिळाली. पंप लहान, टिकाऊ झाला. आणि उजव्या बाजूचा प्रश्न ठळक झाला.

१६/
डावीला आधार मिळाल्यावर उजवी का कोसळावी? वास्तविक पंपामुळे तिचा एक भार हलका होतो: फुप्फुसांत तुंबलेले रक्त पुढे खेचले जाते, समोरचा दाब उतरतो. परंतु त्याच वेळी तीन गोष्टी तिच्या विरुद्ध जातात.
पहिली: शरीरात रक्त जोमाने फिरू लागते, म्हणजे तेवढेच रक्त उजवीकडे परत येते. कालपर्यंत मिनिटाला तीन लिटर पेलणाऱ्या बाजूपुढे आज पाच लिटर येतात.
दुसरी: डावे निलय अति रिकामे झाले, की मधला पडदा डावीकडे ओढला जातो. उजवीच्या आकुंचनाचा मोठा वाटा या पडद्याचा असतो. तो आधार सुटतो.
तिसरी: पडदा सरकल्याने व कप्पा फुगल्याने उजव्या झडपेची गळती वाढू शकते.

१७/
मग तळटाकीचे चित्र प्रत्यक्षात उतरते. पंप फिरतो आहे, पण त्याला रक्तच मिळत नाही. मागे यकृत व मूत्रपिंडे तुंबतात, पाय सुजतात, पुढे रक्तदाब घसरतो. लाखो रुपयांचे यंत्र निर्दोष चालू असते आणि रुग्ण खालावत जातो. निरनिराळ्या अभ्यासांत साधारण १० ते ४० टक्के रुग्णांना उजव्या बाजूच्या दुबळेपणाने गाठल्याचे दिसते. एवढी तफावत का, हे पुढे पाहू.

१८/
आता भाकितांचा इतिहास. २००८ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या चमूने १९७ पंपांच्या नोंदी तपासल्या; ६८ रुग्णांत, म्हणजे ३५ टक्क्यांत, उजवी बाजू निकामी ठरली. त्यांनी चार खुणा निवडून गुण दिले: रक्तदाब टिकवण्यासाठी औषध लागणे (४ गुण), क्रिएटिनिन वाढलेले (३), बिलिरुबिन वाढलेले (२.५), यकृताचे एक विकर वाढलेले (२). पाहा, या चारांत हृदयाचे थेट मापन एकही नाही! मूत्रपिंड आणि यकृत हे येथे साक्षीदार आहेत. उजवी बाजू थकली की तुंबारा त्यांना आधी जाणवतो.

१९/
२०१० साली 'हार्टमेट २' च्या ४८४ रुग्णांचा अभ्यास आला. त्यात सुमारे २० टक्क्यांना हा त्रास झाला. त्यातील एक खूण समजून घेण्याजोगी आहे: उजव्या बाजूच्या भरणदाबाला डाव्या बाजूच्या भरणदाबाने भागायचे. समजा, एका रुग्णात उजवीकडे १० आणि डावीकडे २५ आहे. गुणोत्तर ०.४. रोग मुख्यतः डावीचा आहे. पंपाने बरे वाटेल. दुसऱ्यात उजवीकडे १८ आणि डावीकडे २५. गुणोत्तर ०.७२. येथे उजवीही बुडते आहे. त्या अभ्यासात ०.६३ च्या वरचे गुणोत्तर धोक्याचे ठरले.

२०/
आणखी एक मापन पुढे प्रचारात आले. फुप्फुस रोहिणीतील वरच्या व खालच्या दाबातील फरक घ्यायचा आणि त्याला उजव्या अलिंदातील दाबाने भागायचे. फुप्फुस रोहिणीत ५०/२५ आणि अलिंदात १० असेल, तर उत्तर २.५. तोच अलिंदातील दाब २० झाला, तर उत्तर १.२५. म्हणजे मागचा तुंबारा दुप्पट, पण धक्का तेवढाच. आकडा जितका लहान, तितकी उजवीची शक्ती संशयास्पद. या दाबांच्या मोजणीला नळी लागते ती फोर्समान यांच्याच वंशातली.

२१/
२०१८ साली युरोपातील नोंदवहीतून २,९८८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाच खुणा: वर सांगितलेले भरणदाबांचे गुणोत्तर, प्रतिध्वनी तपासणीत (इको) दिसणारा उजवीचा तीव्र दुबळेपणा, हृदयाला बळ देणारी एकाहून अधिक औषधे, रुग्णाची एकूण गंभीर अवस्था आणि हिमोग्लोबिन १० किंवा त्याहून कमी. एवढी मोठी सामग्री असूनही या गुणांकनाची अचूकता सुमारे ०.७ होती. त्याचा अर्थ असा: एक कोसळलेला आणि एक न कोसळलेला रुग्ण अशा शंभर जोड्या घेतल्या, तर साधारण सत्तर जोड्यांत गुणांकन खऱ्या धोक्याच्या रुग्णाला जास्त गुण देते. नाणे उडवले तर पन्नास. म्हणजे नाण्यापेक्षा बरे, पण भविष्यवाणी नव्हे.

२२/
इतक्या हुशार लोकांना, इतक्या नोंदी हाताशी असताना, याहून नेमके का सांगता येत नाही? येथे इतिहासाचा विद्यार्थी वैद्यकाच्या विद्यार्थ्याला मदत करू शकतो. कारण प्रत्येक गुणांकन हे वस्तुतः इतिहासलेखन आहे. गतकाळातील रुग्णांची दप्तरे उघडून त्यांतून उद्याच्या रुग्णासाठी नियम काढणे, एवढेच ते करते. म्हणून दप्तरांचे जे दोष, तेच भाकिताचे दोष.

२३/
पहिला दोष व्याख्येचा. 'उजवी बाजू निकामी झाली' असे केव्हा म्हणायचे? बळ देणारे औषध शिरेतून १४ दिवसांहून अधिक लागले तर? फुप्फुसांच्या वाहिन्या सैल करणारा वायू ४८ तास द्यावा लागला तर? की उजवीकडे दुसरा पंप बसवावा लागला तरच? अभ्यासागणिक रेषा थोडी सरकते, आणि १० ते ४० टक्के ही तफावत पुष्कळशी त्यातून येते. 'दुष्काळ' कशाला म्हणायचे हे न ठरवता दोन शतकांतील दुष्काळ मोजावेत, तसे हे होते.

२४/
दुसरा दोष कालखंडाचा. २००८ चे गुणांकन बव्हंशी जुन्या, धडधडणाऱ्या पंपांच्या नोंदींतून आले. पुढे पंप बदलले, औषधे बदलली, शस्त्रक्रियेची रीत बदलली. नव्या रुग्णांवर जुनी गुणांकने पडताळली, तेव्हा त्यांची कामगिरी माफक ठरली. पेशवाईचा सारा आकारण्याचे कोष्टक घेऊन इंग्रजी अमलातील महसूल सांगण्यासारखा हा प्रकार आहे.

२५/
तिसरा दोष अधिक सूक्ष्म आहे: दप्तरात कोण नाही? ज्या रुग्णाची उजवी बाजू डॉक्टरांना अगदीच दुबळी वाटली, त्याला एकट्या डाव्या बाजूचा पंप बसवलाच गेला नाही. त्याला दोन्ही बाजूंचे पंप मिळाले, किंवा काहीच मिळाले नाही. तो या नोंदींत येतच नाही. शिवाय ही दप्तरे मुख्यतः अमेरिका व युरोपातली आहेत. नागपूर, अकोला किंवा गडचिरोलीचा रुग्ण त्यांत जवळजवळ नाहीच. तो बहुधा उशिरा पोहोचतो. त्याचे वजन, त्याची फुप्फुसे, त्याच्या झडपांचा जुना आजार हे सगळे वेगळे असू शकते. ज्यांची नोंद नाही त्यांच्याविषयी नोंदवही गप्प असते. त्या मौनाला 'धोका नाही' असे वाचणे घातक आहे.

२६/
चौथी गोष्ट दोष नव्हे, स्वभाव आहे. पुष्कळ काही शस्त्रक्रियेच्या टेबलावर आणि नंतरच्या काही तासांत ठरते. रक्तस्राव किती झाला, किती रक्त द्यावे लागले, पंपाचा वेग किती ठेवला, पडदा किती सरकला. आदल्या दिवशीच्या आकड्यांत हे नसते. लढाईपूर्वीची सैन्यगणना कितीही अचूक असली, तरी त्या दिवशीचा पाऊस तीत नसतो.

२७/
मग भाकिताचा उपयोग काय? उपयोग फार मोठा आहे, पण तो 'होईल की नाही' हे सांगण्याचा नाही, तयारीचा आहे. धोका जास्त दिसला, तर शस्त्रक्रियेआधी काही दिवस औषधांनी तुंबलेले पाणी उतरवता येते, यकृत-मूत्रपिंडांना सावरू देता येते. उजवीसाठी तात्पुरता पंप आधीच सज्ज ठेवता येतो. दोन्ही बाजूंचा आधार आरंभीच ठरवून दिला, तर नंतर धावपळीत दिलेल्यापेक्षा परिणाम बरे दिसतात, असे अमेरिकेतील अनुभव सांगतो. आणि कधीकधी 'पंप नको, थेट प्रत्यारोपणाची वाट पाहू' हा निर्णयही प्राण वाचवतो.

२८/
आपल्याकडे याला आणखी एक बाजू आहे. असा पंप सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा आहे. शेत विकून, वर्गणी गोळा करून, दागिने मोडून जो पैसा उभा राहतो, तो एकदाच उभा राहतो. अशा घराला डॉक्टरने 'शंभरात सत्तर जोड्यांत बरोबर येणारे' गुणांकन कोणत्या शब्दांत सांगावे? खोटी खात्री देणे सोपे आहे, आकडे फेकून मोकळे होणेही सोपे आहे. तिसरा मार्ग कठीण: आम्हाला काय दिसते आहे, काय दिसत नाही, आणि वाईट घडल्यास आमची तयारी काय आहे, हे तिन्ही सांगणे. भाकिताचा खरा कस गणितात लागतो तितकाच या संभाषणातही लागतो.

२९/
यावर उपाय काय? दप्तर आपले हवे. भारतात जेथे जेथे हे पंप बसतील, तेथील प्रत्येक रुग्णाची नोंद समान व्याख्येने ठेवली गेली पाहिजे. यशाची तशीच अपयशाचीही, आणि ज्यांना पंप नाकारला त्यांचीही. आज संगणकाला हृदयाच्या आलेखांतून व प्रतिध्वनी चित्रांतून धोका ओळखायला शिकवले जात आहे. तोही शेवटी त्याला दिलेल्या दप्तरांतूनच शिकतो. कच्चे साधन कितीही वेगाने वाचले, तरी ते कच्चेच राहते.

३०/
येथे सेन यांचे स्मरण पुन्हा होते. त्यांच्या रुग्णाचे तीन तास अपयश म्हणून मोजायचे की आरंभ म्हणून, यावर वाद घालता येईल. पण १९६५ च्या त्या अहवालाकडे पाहा. शंभर प्रयोग केले, आणि ते मोजून, लिहून ठेवले. हृदयाला रक्त पुरवण्याच्या नव्या मार्गांचा विचार करताना हाच माणूस सापाच्या हृदयाच्या रचनेकडे वळला होता. कल्पना धाडसी, पण मागे नोंदींची शिस्त. नागपूरच्या तरुणाने त्यांच्याकडून काही घ्यायचे असेल, तर ही जोडी घ्यावी.

३१/
प्रतापनगरापासून सोनेगावचा विमानतळ फार दूर नाही. नागपुरातून दान केलेले अवयव रस्ते मोकळे करून विमानतळाकडे नेले गेले आहेत, तेथून दुसऱ्या शहरांत पोहोचले आहेत. पुन्हा कधी वर्धा मार्गावर वाहतूक थांबवलेली दिसली आणि रुग्णवाहिका सुसाट गेली, तर एक गोष्ट आठवावी. ते हृदय ज्या छातीत बसणार आहे, तिथल्या फुप्फुसांचा दाब आधी कोणीतरी मोजला आहे. तो मोजावा लागतो, हे ज्ञान ज्यांच्या जिवावर मिळाले, त्यांची नावे बहुतेकांना ठाऊक नाहीत.

३२/
सारांश: हृदयाच्या उजव्या बाजूला गॅलेनच्या काळी चुकीचे काम दिले गेले, १९४३ मध्ये ती अनावश्यक ठरली, आणि डावीला यंत्राचा आधार मिळाला तेव्हा कुठे तिचे मोल कळले. आजही ती कधी कोसळेल हे नेमके सांगता येत नाही. पण कोणाविषयी सावध राहावे, हे पूर्वीपेक्षा खूप चांगले सांगता येते. ही प्रगती एका प्रतिभावंताची नाही. ती नीट ठेवलेल्या नोंदींची आहे.

धागा समाप्त. केईएममधील त्या काळाच्या आठवणी आपल्या घरातील कोणी वडीलधारे सांगत असतील, तर त्या आजच लिहून ठेवा. दुरुस्त्या आणि पूरक माहितीचे स्वागत आहे.